ओल्या गोणपाटाचा वास

— नाही नाही, पायरीवर नका बसू, पाऊस उडतोय तिथे, तुमचे ते पांढरेशुभ्र बूट लाल मातीनं बरबटतील. या खुर्चीत बसा, या वेताच्या. मर्टलची आहे, माझ्या बहिणीची, पण ती नाही आज घरात, बसा खुशाल. रेनफर्ड येईलच चारच्या गाडीनं. सकाळी निघताना मला बजावून गेला — मावशी, माँटेगो बेहून एक माणूस येईल माल बघायला, त्याला बसव, कोको दे, आणि तोंड बंद ठेव. तोंड बंद ठेव! आता तुम्हीच सांगा, माणूस दारात आलेला, पत्र्यावर पाऊस असा कोसळतोय की शेजारची बकरी ओरडली तरी ऐकू येऊ नये, आणि मी काय तोंडाला कुलूप लावून तुमच्याकडे टकामका बघत बसू? घ्या, कोको घ्या. वर तेलाचा तवंग दिसतोय तो फुंकून बाजूला सारू नका, तोच तर खरा कोको — घरच्या झाडाचा आहे, मीच वाटलाय. हां, असा.

माल ना? तो बघा, दारामागे खिळ्याला टांगलाय. उशीची खोळ आहे ती, मर्टलनं भरलेली, कोपऱ्यात निळी फुलं दिसतात ना, लग्नातली तिच्या. लेकानं आईच्या लग्नातल्या खोळीत गांजा भरून ठेवला, काय बोलायचं? — दोन? हो, दोन होत्या खोळी. दुसरीचं सांगते, पळून जाते का ती? बसा हो. अजून तीन वाजायचेत.

तुम्हाला वाटत असेल म्हातारी चर्चमधली, गांजाच्या नावानं नाक मुरडणार. नाक मुरडते मी, पण गांजाच्या नावानं नाही. गांजा या घरात माझ्या जन्माआधीपासनं आहे. आमची आई त्याचं बी ठेवायची — गोड दुधाच्या रिकाम्या डब्यात, फडक्यात बांधून, चुलीच्या वर धुरात टांगलेला डबा. ईस्टर झाला की दोन खड्डे, ब्रेडफ्रूटच्या झाडाच्या पल्याड, स्वैपाकघराच्या मागे. चारपाच बिया टाकायच्या, त्यातून एक नर आणि एक मादी राखायची, बाकीची उपटून बकरीला. दोनच झाडं, पण अशी सरळसोट, पत्र्याच्या वर डोकं काढायची, पानं कशी बोटांसारखी बारीक, आणि फूल विरळ — विरळ म्हणजे असं की त्यातून पलीकडचं आभाळ दिसावं. ऑक्टोबरचा पाऊस झोडपून गेला की वारा यायचा आणि ती झाडं ओल्या कुत्र्यासारखं अंग झाडायची, झालं, कोरडी. पानं चहाला, फुलं पांढऱ्या रममध्ये बरणीत. ताप आला, रम चोळा. छाती भरली, पानं उकळा, डोक्यावरनं टॉवेल घ्या, वाफ घ्या. मर्टलची छाती लहानपणापासनं तशीच — पाऊस लागला की मांजर बसल्यासारखी घुरघुरायची — साठ वर्षं त्या दोन झाडांवर काढली तिनं. पोलीस यायचे तेव्हा आई त्यावर भोपळ्याचा वेल चढवायची. एकदा पोलिसानं भोपळा तोडून नेला आणि झाड तसंच ठेवलं, बिचारा. आणि मग कायदा झाला, की प्रत्येक घराला पाच झाडं लावायला मोकळीक. त्या दिवशी मर्टल इतकी हसली, इतकी हसली, ह्याच खुर्चीत, म्हणाली, झेल, सत्तर वर्षांनी आपण चोर राहिलो नाही गं. झेल म्हणते मला. झेल्फा नाव माझं.

तर पाच झाडं. हे पाच लक्षात ठेव — अरेतुरे करते हं तुला, राग नको मानू, नातवाच्या वयाचा दिसतोस. हा आमचा रेनफर्ड सहा वर्षं तिकडे कॅनडात. तळघरात पिकवायचा म्हणे, दिव्याखाली, बाहेर बर्फ आणि आत गांजा. तिथली हवा कोरडी, ओठ फुटतात, कपडे तासाभरात वाळतात. तिथे शिकून आला आणि आल्या आल्या हिशेब मांडला, की पाचच लावता येतात ना, मग एकेका झाडानं दहाचं पीक दिलं पाहिजे. मी म्हटलं, बाबा, झाड आहे की गाभण डुकरीण? हसला. मावशी, तुला नाही कळणार. त्याचं ते बी डबीत, डबीवर चित्र, एकेक बी वेगळं गुंडाळलेलं, देवाचा प्रसाद असावा तसं. आणि माझी दोन झाडं त्याच्या डोळ्यात खुपायला लागली. म्हणे पाचातल्या दोन जागा तुम्ही दोघी म्हाताऱ्या अडवून बसलाय. आणि त्यातला एक तर नर! नराची धूळ माझ्या झाडांवर पडली तर फुलात बी धरेल, मालाची माती होईल. मी म्हटलं, नर नसला तर पुढच्या वर्षाचं बी कुठनं आणशील? म्हणाला, विकत.

जुलैतला रविवार. मी आणि मर्टल चर्चला. परत आलो तर दोन्ही झाडं मुळासकट उपटून वाटेवर आडवी. मुळांना माती ओलीच होती अजून. आणि शेजारच्या लिंडेलची बकरी त्यावर जेवतेय. दोन दिवस ती बकरी झोपून होती, लिंडेल म्हणत होता, मिस झेल्फा, माझी बकरी स्वर्गात जाऊन आली. सगळी आळी हसली. मीसुद्धा हसले, खोटं का बोलू. हसायचं आणि काय. मर्टल मात्र नाही हसली. ती वाकून ती मुळं चाचपत होती, जशी मेलेल्या कोंबडीचे पाय चाचपावेत.

मग खोली. मर्टलची खोली घेतली त्यानं, स्वतःच्या आईची खोली! दोन खिडक्या, सकाळचं ऊन येणारी, घरातली एकच कोरडी खोली. आईची खाट काढून टाकली स्वैपाकघराशेजारच्या बोळात, जिथे भिंतीला शेवाळ येतं. म्हणे तीनच महिने, अम्मा. खिडक्यांना चंदेरी कागद चिकटवला, फटीफटीला चिकटपट्टी, वर दिवे, चार कोपऱ्यांत चार पंखे, आणि हवेतलं पाणी पिणारं एक यंत्र — दिवसाला दोन बादल्या पाणी काढायचं ते हवेतून, मीच ओतायचे बाहेर. आणि ती पाच झाडं! सरळ वाढू दिलीच नाहीत. फांद्या वाकवून, तारेनं बांधून, चारी बाजूंना पसरून — हात बांधलेल्या कैद्यासारखी. प्रत्येक फांदीला गड्डा, माझ्या मुठीएवढा, घट्ट, चिकट, कोबीसारखा. लोक बघायला यायचे, फोनवर फोटो काढायचे. रेनफर्ड टेप घेऊन मोजायचा. मला आवडला नाही बाबा तो गड्डा. फूल कसं असावं, त्यात वारा शिरावा. हे म्हणजे ओठ मिटून बसलेलं काहीतरी. आत काय चाललंय त्याचा पत्ता नाही.

ऑक्टोबर लागला. आणि ऑक्टोबरात इथे वीज दुपारी जाते, तुला काय सांगायचं, तुमच्याकडे पण जात असेल. वीज गेली की दिवे गेले, पंखे गेले, ते पाणी पिणारं यंत्र गेलं. चंदेरी कागद लावलेली बंद खोली, आत पाच भिजलेली झाडं — झाकण घातलेलं भाताचं पातेलं दुसरं काय! मी म्हटलं, खिडकी उघड. नको मावशी, बाहेरची हवा ओली आहे. मी म्हटलं, मग आतली काय वाळवंटातली आहे? भिंतीला हात लाव. लावला. हात चपचपीत ओला. पुसला पँटला. म्हणाला, येईल वीज.

तिसऱ्या दिवशी मी बादली आणायला गेले तर एका गड्ड्यात एकच पान पिवळं. बाकी सगळं हिरवंगार, तजेलदार, एकच पान मान टाकलेलं. मी चिमटीत धरलं तर ते आपसूक आलं — ओढावं नाही लागलं, आलं — टायफॉइडच्या माणसाचे केस येतात हातात, तसं. मग मी तो गड्डा फोडला. शी! आत करडी लव. उंदीर पिल्लं घालायला घरटं करतो ना, तसलं काहीतरी, करडं, मऊ, आणि मधे काळा चिखल. बाहेरून काही नाही! बाहेरून फोटो काढण्यासारखं. आणि वास — ओल्या गोणपाटाचा. गोदामात पाऊस शिरल्यावर साखरेच्या गोणपाटाला येतो ना, गोडसर, कुबट, तो. माझ्या बोटांवरून दोन दिवस गेला नाही, लिंबू लावलं, राख लावली, नाही गेला. मला अन्न जाईना. केळं उकडलं तर केळ्याला तो वास, खारी मासळी भाजली तर तिला तो वास.

रेनफर्डला दाखवलं. एकदा रडेल असं वाटलं मला, खरंच. तोंड असं लहान मुलासारखं झालं. मग कात्री घेऊन बसला. करडं ते कापायचं, हिरवं ते ठेवायचं. एकेका गड्ड्यातून करडं निघतंच राहिलं. मग दोन बादल्या घेतल्या, जखमेवर ओततात ते फसफसणारं औषध पाण्यात घातलं आणि गड्डे धुतले त्यात — फूल धुतोय, अंतर्वस्त्रं धुवावीत तसं! — आणि मर्टलच्या मच्छरदाणीवर पसरून पंख्याखाली वाळवले. वाळल्यावर बघ, काही कळत नाही. बघितलंस ना तू मघाशी खोळीत डोकावून? छान आहे. वास पण नाही, वरवर. मी त्याला म्हटलं, रेनफर्ड, हे कुणाच्या छातीत जायचंय रे. म्हणाला, मावशी, सगळे असंच करतात. तीन महिन्यांची मेहनत आहे. चूल पेटवायला घालू?

नको, कोको संपव, थंड होतोय.

रविवारी मर्टलची छाती बंद झाली. बोळातल्या त्या शेवाळात झोपून दुसरं काय होणार — असं मी रेनफर्डला सांगितलं. पाऊस, ओल, बोळ. त्यानं मान खाली घातली, कारण बोळात त्यानंच टाकलं होतं तिला. लिंडेलनं आपल्या गाडीतून नेली. ओठ जांभळे झाले होते, जांभळाच्या रंगाचे नाही, शाईच्या. सव्हाना-ला-मारच्या दवाखान्यात आहे. नळी लावलीय नाकाला. रेनफर्ड तिकडेच गेलाय आज, तिचा झगा आणि चप्पल घेऊन.

डॉक्टरीणबाई चांगली आहे. लहानशी, गोड बोलणारी. मला म्हणाली, मदर, घरी काय दिलंत तिला? कसला धूर, कसली पावडर, काही? मी म्हटलं, वाफ दिली. कशाची वाफ? मी म्हटलं — पाण्याची. नुसत्या पाण्याची.

काय झालं? असा काय बघतोस माझ्याकडे?

नुसत्या पाण्याची नव्हती. आता तुला का सांगतेय मी हे, तोंड बंद ठेव म्हणाला होता पोरगा, बरोबर म्हणाला होता. बरणीतली रम संपली होती, माझी झाडं बकरीच्या पोटात. सकाळची नऊ वाजायची वेळ, ती बोळात बसलेली, दोन्ही हात गुडघ्यांवर, खांदे वर, श्वास येतो पण जात नाही, आणि म्हणते, झेल, पानं. पानं घाल. पानं कुठली आणू मी? रेनफर्ड घरात नव्हता. खोळी होत्या टांगलेल्या. मी पातेलं उतरवलं, खोळीतून दोन गड्डे काढले. नाकाशी नेले. आला — धुतलेला, वाळवलेला, पण तळातून आला तो वास. ओलं गोणपाट. मला कळलं. साठ वर्षं मी गांजा हुंगतेय, मला नाही कळणार? कळलं. आणि मी मनाशी म्हटलं, गरम पाण्यात पडलं की काय राहतंय त्यात.

थांब, अजून आहे. एवढंच म्हटलं असतं तर मी झोपले असते रात्री. दुसरं पण म्हटलं मी. म्हटलं, घेऊ दे. घेऊ दे आईला त्याच्या, खोकू दे चांगली दोन दिवस, म्हणजे बघेल तो मोठा कॅनडातला, आपण काय पिकवलंय ते. दोन दिवस खोकेल एवढंच धरलं होतं मी. एवढंच. तिच्या डोक्यावर टॉवेल टाकला, मीही आत डोकं घातलं तिच्याबरोबर, लहानपणी आई आम्हा दोघींना एकाच टॉवेलात घालायची तसं, आणि तिच्या नाकासमोर ते गड्डे हातानं चुरले पातेल्यात. करडी धूळ उडाली. डोळ्यांनी बघितली मी — वाफेत ती वर गेली, आणि तिनं तोंड उघडून आत ओढली. मी माझा श्वास रोखला होता.

माझा रोखला. तिचा नाही.

मला ना, त्या झाडांची किळस येत होती, त्या करड्या लवेची, रेनफर्डच्या कात्रीची. आता सकाळी उठून तोंड धुताना आरशात बघवत नाही. म्हातारपणी तोंडात हा असला वास यावा! पाणी प्यायले तरी येतो. जाऊ दे.

तर दुसरी खोळ. ती आज सकाळी, रेनफर्ड गाडीत बसला तसा, मी मागच्या संडासाच्या खड्ड्यात रिकामी केली, खोळ धुऊन वाळत घातलीय, ती बघ दोरीवर भिजतेय परत. ही एक का ठेवली, ते माझं मलाच ठाऊक नाही. म्हटलं, येणारा माणूस कसा आहे ते तरी बघू. माल घेऊन जाणार, कुणाला विकणार, कुणाच्या छातीत जाणार. तुलाही बहीण असेल. मी सांगितलं तर येणारा म्हणेल, नको बाई, राहू दे. मग मी त्याला आल्याचा चहा करून देईन, आणि डब्याच्या तळाशी आईच्या बियांतल्या सात बिया उरल्यात, गेल्या सालच्या, धुरातल्या, त्यातल्या दोन देईन, असं ठरवलं होतं. सकाळपासनं ठरवून बसलेय.

आण ती खोळ इकडे. काढ एक गड्डा. सगळ्यात मोठा काढ. फोड. अरे फोड, बोटांना काय होतंय! हां. दिसलं? ती मधली करडी रेघ. आता नाकाशी ने. आला ना?

बोल आता.

— काय?

जरा मोठ्यानं बोल, पाऊस आहे.

तू असा कुणाला ओढायला विकत नाहीस. बरं. तेल काढतोस. बरं, यंत्र आहे तुझ्याकडे. डब्यांत भरतोस, कंबरदुखीवाल्यांना, झोप न येणाऱ्यांना. म्हाताऱ्यांनाच ना जास्त करून? — हं. आणि?

तेलात गेलं की काय राहतंय त्यात.

असं म्हणालास तू. परत म्हण. नाही, नको म्हणू, ऐकलं मी. अगदी तसंच म्हणालास. शब्द सुद्धा मागे-पुढे नाही. मी पातेल्यावर म्हटलं तेव्हा मला वाटलं होतं असं म्हणणारी या बेटावर मी एकटीच असेन.

आण ती खोळ. आण म्हणते ना! फोडलेला तो गड्डा पण दे, तो तर आधी दे, तो मी दुधाच्या रिकाम्या डब्यात घालते आणि झाकण लावते. आता कळलं मला ही एक का ठेवली ते. चारच्या गाडीतनं रेनफर्ड उतरेल आणि तीच गाडी माघारी फिरेल तेव्हा तिच्यात मी चढेन, आणि त्या लहानशा डॉक्टरीणबाईच्या टेबलावर हा डबा ठेवीन. म्हणेन, बाई, नुसतं पाणी नव्हतं. हे होतं. हे तिच्या छातीत आहे, आणि मी घातलंय. मग ती काय म्हणायचं ते म्हणो. रेनफर्डही तिथे ऐकेल — नाही, तो इथे असेल, त्याला उतरताना सांगेन, गाडीच्या दारात, सगळ्यांसमोर. लिंडेलसमोर. हसू दे आळीला.

नाही, विकत नाही. किती म्हणालास तरी नाही. रेनफर्डशी बोलायचंय? बोल ना, पुलावर उभा राहून बोल, तिथे त्याची गाडी थांबते. इथे नाही. पाऊस आहे म्हणून काय, बूट धुता येतात.

कप ठेव खाली. आणि ऊठ. ऊठ आधी त्या खुर्चीतून — ती मर्टलची आहे.